यंत्रमाग, वीजबिल आणि गावची बँक

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीत मंदी आली की चर्चा सुताच्या भावाची आणि विजेच्या दराची होते. जुनी मोटार किती वीज वाया घालवते, हा हिशोब मात्र क्वचितच मांडला जातो.

हिशोब साधा आहे. एक अश्वशक्तीची, म्हणजे 0.75 किलोवॅटची आयई-1 दर्जाची मोटार घेतलेल्या विजेपैकी सुमारे 72 टक्के कामी लावते. आयई-3 दर्जाची 82.5 टक्के. 24 मागांचा कारखाना रोज 20 तास पूर्ण भाराने चालला, तर फरक दिवसाला साठेक युनिटचा पडतो. पुन्हा पुन्हा रिवाइंड केलेली मोटार तर याहून जास्त वीज खाते.

मग मालक मोटारी का बदलत नाहीत? एकरकमी पैसा नसतो म्हणून. मजुरीवर कापड विणून देणाऱ्या छोट्या कारखानदाराकडे मोठ्या बँकेला हवी तशी कागदपत्रे आणि तारण नसते. त्यात वस्तीचा पत्ताही आडवा येतो. काही बँकांनी मुस्लिमबहुल भागांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवल्याकडे सच्चर समितीने 2006 मध्येच लक्ष वेधले होते. गावातली सहकारी बँक इथे उपयोगी पडू शकते. तिचा अधिकारी कारखाना स्वतः पाहू शकतो, माणूस ओळखतो.

पण बँक वाढली म्हणून वीज वाचतेच असे नाही. तिने जुनेच माग विकत घ्यायला कर्ज दिले, तर माग वाढतील, बिलही वाढेल आणि मीटरभर कापडामागे वीज तेवढीच जळेल. कर्ज कशासाठी दिले, यावर सारे अवलंबून आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. मोटार, दिवे आणि छतावरच्या सौरपॅनेलसाठी वेगळे कर्ज द्या. आधी वीजवापराची तपासणी करा. हप्ता वाचलेल्या बिलातून फिटेल असा ठेवा. व्याज नको म्हणून बँकेकडे न जाणाऱ्यांना बिनव्याजी पतसंस्थांपुढेही हाच आग्रह धरता येईल.

सहकारी बँकेत शेअर कितीही असोत, मत एकच असते. साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होतात. अब्बा किंवा चाचा सभासद असतील, तर त्यांच्यासोबत बसून बारा महिन्यांची वीजबिले मांडा आणि हा प्रश्न लेखी द्या. सभेला केवळ चहा-नाश्त्यासाठी जायचे दिवस आता संपले पाहिजेत.