खांदेपालट

परवा दादरला माझा खांदा उतरला. मी नाही, फक्त खांदा.

झालं असं, की सकाळची फास्ट लोकल, मी नेहमीसारखा दोन सीट्सच्या मधे, उजवा हात वरच्या हँडलला. दादर आलं, उतरणाऱ्यांचा लोंढा आला, माझा बाकीचा देह दाराकडे गेला आणि हात मात्र हँडललाच राहिला. टक्! बोंबला. आयुष्यात चौथ्यांदा.

ज्यांचा खांदा कधी निखळलेला नाही त्यांना सांगतो, दुखतं तर जामच, पण त्याहून वाईट वाटतं ते बघताना. खांद्याचा गोलपणा गायब, तिथे चक्क कोपरा, आणि पुढच्या बाजूला एक टेंगूळ. ते टेंगूळ म्हणजे आपल्याच हाडाचं टोक. हात आपला असतो, पण आपलं ऐकत नाही.

डब्यात लगेच सल्लागार मंडळ बसलं. एक काका बाह्या सरसावून पुढे. ‘‘आण इकडे, मी बसवतो. गावाला बैलाचा बसवलाय.’’ मी बैल नाही हे त्यांना पटवण्यात एक मिनिट गेलं. दोष त्यांचा नाही. ‘लीथल वेपन २’मध्ये मेल गिब्सन निखळलेला खांदा आपटून आपटून जागेवर बसवतो आणि पुढच्या सीनला फ्रेश. माझ्या टीममधल्या निम्म्या पोरांचा ऑर्थोपेडिक्सचा अभ्यास तेवढाच आहे. प्रत्यक्षात निखळताना हाडाला तडा गेलेला असू शकतो. खांद्याच्या आसपास नसा आणि रक्तवाहिन्या अगदी चिकटून असतात, एक्स-रे न काढता ओढाताण केली की त्यांची वाट लागू शकते. दंडाच्या वरच्या भागाला मुंग्या आल्या किंवा बधिर वाटलं, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. मी लॅपटॉप बॅगेचा पट्टा गळ्यात अडकवला, हात त्यात ठेवला आणि टॅक्सीनं हॉस्पिटल गाठलं. चहाही घेतला नाही, कारण भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. चौथी वेळ आहे बॉस, एवढा अनुभव येतोच.

पहिली वेळ बाविसाव्या वर्षी. कॉलेज टीम, पॉइंटला डाइव्ह. बॉल अडला, टाळ्या पडल्या, मी उठलोच नाही. तीन आठवडे गळ्यात हात, मग दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं असं मीच जाहीर केलं. फिजिओ आठ दिवसांत बंद. दुसरी वेळ बाउंड्रीवरून थ्रो करताना. तिसरी सांगायला लाज वाटते. ड्रायव्हिंग सीटवर बसून मागच्या सीटवरची बॅग घ्यायला हात मागे नेला. बस्स, एवढंच.

या वेळी डॉक्टरांनी टेबलावर एक गोल्फचा बॉल काढून ठेवला, खाली तो टेकवायचा छोटा खुंटा. ‘‘हा तुझा खांदा. बॉल मोठा, बशी छोटी. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच सटकतो.’’ त्या बशीला कडेनं कुर्चेची एक कड असते, वॉशरसारखी. बहुतेक खांदे पुढच्या बाजूला निखळतात आणि तेव्हा ती कड पुढून फाटते. आर्थर बँकार्ट नावाच्या ब्रिटिश सर्जननं हे 1923 मध्येच मांडलं होतं, त्या फाटण्याला आजही त्याचंच नाव आहे. गोम अशी, की ती कड बऱ्याचदा नीट जागेवर जुळत नाही. पुढच्या प्रत्येक वेळी बशीचा थोडा काठ झिजतो, बॉलला मागून खड्डा पडतो, आणि सटकणं आणखी सोपं होतं. पहिल्यांदा निखळताना वय जितकं कमी, तितका पुन्हा निखळायचा धोका जास्त. म्हणजे ‘तरुण आहे, होईल बरा’ हे माझं लॉजिक बरोबर उलटं होतं.

‘‘व्यायाम केला तर?’’ मी विचारलं.

‘‘कर ना. रबरी पट्टे ओढ, पाठीचे, खांद्याचे स्नायू मजबूत कर. आधार मिळेल. पण फाटलेली कड व्यायामानं शिवली जात नाही.’’

घरी आईचं ठरलेलंच. ‘‘त्या क्रिकेटनं काय दिलं रे तुला?’’ खरं सांगू, गेली दोन वर्षं फारसं काही दिलंही नव्हतं. हात खांद्याच्या वर जाऊन मागे झुकला की पोटात गोळा येतो. थ्रो करायचा, टी-शर्ट काढायचा, रिक्षाला हात करायचा, सगळीकडे तोच गोळा. झोपतानाही हात उशीखाली जाणार नाही याची काळजी. रविवारी मी अंडरआर्म फेकायचो. मग समोरच्या टीम्सना कळलं. ‘त्याच्याकडे मारा, दोन पळा’ हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. कॅप्टननं काही न बोलता मला स्लिपला आणलं. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये स्लिप! त्याचा चांगुलपणा मला शिवीपेक्षा जास्त लागला.

म्हणून मीच म्हटलं, जाऊ दे, सोडतो खेळ. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘आणि लोकल? तीही सोडणार?’’

याला उत्तर नव्हतं. चारपैकी दोन वेळा मी ग्राउंडवर नव्हतोच.

मग एमआरआय, सीटी झालं. बशीचा काठ थोडाच झिजलाय, त्यामुळे दुर्बिणीतून फाटलेली कड परत टाचता येईल. काठ जास्त गेला असता तर जवळच्याच हाडाचा तुकडा कापून पुढे स्क्रूनं बसवायचा, 1954 मध्ये लातार्जे या फ्रेंच सर्जननं सांगितलेलं ऑपरेशन. तिसऱ्या वेळेनंतरच आला असतास तर बरं, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा निखळणारच नाही अशी गॅरंटी मात्र द्यायला तयार नाहीत, आणि त्यामुळेच मला त्यांच्यावर भरवसा वाटला.

श्रेयस अय्यरचं आठवतंय? मार्च 2021, इंग्लंडविरुद्ध पुण्यातली वनडे, डाइव्ह मारली आणि डावा खांदा गेला. ऑपरेशन झालं, त्या वर्षीच्या आयपीएलचा पहिला टप्पा हुकला. नोव्हेंबरमध्ये कानपूरला टेस्ट पदार्पण, पहिल्याच डावात 105. हे मी आईला सांगितलं. ‘‘त्याला ऑफिस नसतं,’’ ती म्हणाली. पॉइंट आहे. माझा हात महिनाभर तरी गळ्यात, टायपिंग हळूहळू, मॅच सगळं नीट झालं तर सहाएक महिन्यांनी. बॉसला मेल टाकलाय, डाव्या हातानं. सवय व्हावी म्हणून.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. या रविवारी स्कोअरिंग माझ्याकडे आहे. तेही डाव्या हातानं, त्यामुळे आकड्यांवरून भांडणं होणार हे नक्की.