खोक्याला युजरनेम कुठून येणार?

होस्टेलवर कुणी गेम कन्सोल आणला की स्टाफच्या कपाळावर आठ्या पडतात आणि शेजारच्या रूमवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी या दोन्ही पार्ट्यांमध्ये नाही. माझ्याकडे कन्सोल नाही (असता तर हा लेख लिहायला वेळच मिळाला नसता!). तरीही लिहितोय, कारण मागच्या सेमिस्टरला आमच्या मजल्यावर जे रामायण घडलं त्याचं खापर सगळ्यांनी कन्सोलवर फोडलं, आणि मला ते अजिबात पटलेलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या विंगचं नेट गेलं. लॅपटॉप नेटवर्कला जोडलेला दिसतोय, पण एकही पान उघडत नाही! दुसऱ्या दिवशी शोध घेतल्यावर कळलं, की एका रूममध्ये कन्सोल चालवण्यासाठी घरून आणलेला छोटा राउटर भिंतीतल्या सॉकेटला जोडला होता, आणि वायर चुकीच्या पोर्टात गेली होती. झालं! तो राउटर अख्ख्या विंगला स्वतःच्या मनाने आयपी ॲड्रेस वाटत बसला. ज्याला कॉलेजच्या डीएचसीपी सर्व्हरचं उत्तर आधी मिळालं तो वाचला, ज्याला या पाहुण्याचं आधी मिळालं तो बुडाला. राउटर जप्त, कन्सोल घरी, नोटीस बोर्डावर. विषय संपला.

पण खरंच संपला का? त्या मुलाला राउटर का लागला, हे कुणीच विचारलं नाही.

मित्रहो, आपल्या कॅम्पसवर नेट हवं असेल तर ब्राउझरमध्ये एक पान उघडतं आणि तिथे पीआरएन व पासवर्ड टाकावा लागतो. लॅपटॉपला हे सोपं आहे. कन्सोलला तेच पान कधी दिसतं, कधी दिसत नाही. दिसलं तरी थोड्या वेळाने लॉगिन संपतं आणि ऐन रंगात आलेला गेम तुटतो. ज्या कॉलेजांत वाय-फायलाच ८०२.१एक्स लावलेलं असतं तिथली अवस्था याहून बिकट. भारतात अर्नेट चालवत असलेलं एज्युरोम याच पद्धतीचं आहे. लॅपटॉप, मोबाइल तिथे सुखाने जोडले जातात. पण प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा स्विच यांच्या वाय-फाय सेटिंगमध्ये फक्त पासवर्डची जागा असते, युजरनेम विचारलंच जात नाही. ही यंत्रं घरातल्या राउटरसाठी बनवलेली आहेत. खोक्याला युजरनेम कुठून येणार?

मग पोरं काय करतात? इंजिनिअरिंगची पोरं जे करतात तेच, जुगाड! कुणी लॅपटॉपवरून नेट वाटतो, कुणी राउटर आणतो आणि त्यावर स्वतःच्या नावाने एकदा लॉगिन करून ठेवतो. मग त्या एका पीआरएनवर कन्सोल, रूममेटचा लॅपटॉप, शेजारच्या दोघांचे मोबाइल असं सगळं चालू.

स्टाफने इथे जरा थांबून विचार करावा असं मला वाटतं. लॉगिन ठेवण्यामागचा हेतू काय, तर नेटवर्कवर कोण काय करतो याची नोंद राहावी. हेतू रास्तच आहे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार संस्थांनी १८० दिवसांचे लॉग सांभाळायचे असतात. पण एका राउटरमागे पाच उपकरणं लपली की लॉगमध्ये नाव एकाचंच येतं. उद्या त्यातल्या कुणी उद्योग केला तर नोटीस कोणाला? ज्याच्या नावाने लॉगिन आहे त्याला! तो बिचारा त्या वेळी मेसमध्ये जेवत असेना का. म्हणजे बंदीने कन्सोल गेला नाहीच, उलट नोंदवही मात्र खोटी झाली. माझा आक्षेप एवढाच आहे. आणि म्हणूनच माझी मागणीही एवढीच आहे: कन्सोलवर बंदी घालू नका, त्याची नोंद करा.

यात नवीन काही नाही. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या होस्टेलांत वर्षानुवर्षं हेच चालतं. प्रत्येक उपकरणाला मॅक ॲड्रेस असतो, ४८ बिटचा, म्हणजे बारा हेक्साडेसिमल अंक. विद्यार्थी आपल्या लॉगिनने एका पानावर जातो, तिथे कन्सोलचा मॅक ॲड्रेस भरतो आणि त्या खोक्याची जबाबदारी आपल्या नावावर घेतो. त्यानंतर कन्सोलला पासवर्ड विचारला जात नाही, नेटवर्क त्याला पत्त्यावरून ओळखतं. हा पत्ता कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये सापडतो. वायरचा आणि वाय-फायचा पत्ता वेगळा असतो, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला: मॅक ॲड्रेसची नक्कल करता येते. खरं आहे, दुसऱ्या वर्षाचं पोरगंही ते करून दाखवेल. म्हणूनच या उपकरणांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवायचं. तिथून फक्त इंटरनेट मिळेल. लॅबचे सर्व्हर, ऑफिसची यंत्रं, परीक्षा विभाग यातलं काहीही दिसणार नाही. नक्कल करून चोराला मिळणार काय, तर गेम खेळण्यापुरतं नेट! आजच्या लपलेल्या राउटरपेक्षा हे शंभर पटीने बरं.

दुसरा: बँडविड्थ खातो. ऑनलाइन गेम प्रत्यक्ष खेळताना फारच थोडा डेटा लागतो, साधारण तासाला शंभर-दीडशे एमबी, बऱ्याचदा त्याहून कमी. त्याच तासात एचडी पिक्चर बघणारा दोन जीबीच्या पुढे जातो. गेमला महत्त्व असतं ते पॅकेट वेळेवर पोचण्याला. खरा राक्षस आहे डाउनलोड. हल्ली एकेक गेम १०० जीबीच्या घरात जातो. गणित करा: १०० जीबी म्हणजे ८०० गिगाबिट, १०० एमबीपीएसची लाइन एकट्याने वापरली तरी ८००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सव्वादोन तास. सगळ्या विंगचा श्वास कोंडेल. पण यावर उपाय आहे. त्या व्हीलॅनला दिवसा वेगमर्यादा लावा आणि पहाटे एक ते सहा सैल सोडा. कन्सोल झोपलेल्या अवस्थेतही डाउनलोड करू शकतो, आपण जागं राहायची गरज नाही.

तिसरा आणि सर्वांत आवडता: पोरं अभ्यास कधी करणार? रेक्टर सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मोबाइलवर रात्री दोनपर्यंत गेम चालतात आणि तेही रीतसर लॉगिन करून! म्हणजे सध्याचा नियम गेमला थांबवत नाही, फक्त टीव्हीशेजारच्या खोक्याला थांबवतो. के.टी. लागायची ती मोबाइलनेही लागते. अभ्यासाची काळजी असेल तर रात्रीची वेळ ठरवा, ती सर्वांना सारखी लावा. आम्ही कुरकुर करू, पण नियम कळेल तरी.

आणि हा प्रश्न फक्त गेमवाल्यांचा आहे असं समजू नका. बीईच्या प्रोजेक्टसाठी होस्टेलवर ईएसपी३२ बोर्ड घेऊन बसलेल्यांना विचारा. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड, ना ब्राउझर. लॉगिनचं पान त्याच्या बापजन्मी उघडणार नाही. शेवटी तो बोर्ड मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो, आणि आपल्या कोट्यवधीच्या कॅम्पस नेटवर्कवर ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’चा प्रोजेक्ट पूर्ण होतो तो दीड जीबीच्या डेली पॅकवर! कन्सोलसाठी जे पान बनेल तेच या बोर्डालाही उपयोगी पडेल. २००१ साली आलेल्या पहिल्या एक्सबॉक्सच्या पाठीलासुद्धा इथरनेटचा सॉकेट होता. बिनकीबोर्डची यंत्रं नेटवर्कवर यायला लागून दोन तपं होऊन गेली. दरवाजा आता तरी करायला हवा.

होस्टेलच्या भावंडांनाही दोन शब्द. नोंद मागायची तर जबाबदारीही घ्यावी लागेल. आपल्या नावावर दुसऱ्याचं खोकं भरायचं नाही. राउटर भिंतीला लावायचा नाही. कोर्स संपल्यावर नोंद काढून टाकायची. आणि ‘नॅट स्ट्रिक्ट आहे’ म्हणून नेटवर्कवाल्या सरांच्या केबिनबाहेर रांग लावायची नाही. कॅम्पसच्या नॅटमागून काही गेममध्ये मित्रांशी जोडणी होणार नाही, व्हॉइस चॅट अडखळेल, तेवढं सोसायचं. होस्टेल आहे, घर नव्हे.

खर्च म्हणाल तर नवीन यंत्र बहुधा लागणार नाही. व्हीलॅन करू शकणारे स्विच बहुतेक कॅम्पसवर असतातच. राहिलं ते नोंदणीचं पान. ते आमच्या कॉम्प्युटर आणि आयटीच्या पोरांकडून मिनी प्रोजेक्ट म्हणून करून घ्या, सर. गुण द्या, व्हायवा घ्या, चुका काढा. एका विंगपुरतं एक सेमिस्टर चालवून बघा. नाहीच जमलं, तर नोटीस बोर्ड आहेच!