विश्लेषण : शेडमध्ये बसत नाही म्हणून ट्रॅक्टरचा रोल बार कापावा का?

आसनामागची लोखंडी कमान शेडच्या दाराला अडते आणि ती तासाभरात आखूड करून देणारा वेल्डर कोल्हापुरात शोधावा लागत नाही. मात्र कापलेली कमान ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवेलच, याची खात्री उरत नाही. मग शेडचा प्रश्न सोडवायचा कसा?

अडचण नेमकी कुठे येते?

कोल्हापूर जिल्ह्यात ट्रॅक्टर ठेवण्याची जागा बहुतेक वेळा ट्रॅक्टरसाठी बांधलेली नसते. कुठे गोठ्याची पडवी असते, कुठे गुऱ्हाळाचे जुने पत्र्याचे शेड, तर कुठे घराच्या तळमजल्यावरचा शटरचा गाळा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या जोराच्या पावसाच्या तालुक्यांत तर झड आत येऊ नये म्हणून वळचण मुद्दाम खाली ठेवलेली असते. अशा शेडमध्ये साधा ट्रॅक्टर सहज शिरतो. पण चालकाच्या आसनामागे रोल बार असेल, तर त्याची उंची मॉडेलनुसार जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास जाते आणि तो दाराच्या पट्टीला अडतो.

मग तीन उपाय सुचतात. बार मधून कापून आखूड करायचा, कापलेल्या जागी गावठी बिजागरी बसवायची किंवा बार काढून कोपऱ्यात ठेवून द्यायचा. तिन्ही उपाय सोपे आणि स्वस्त वाटतात. रोज काम नसलेला भाग असल्याने त्याची गरजही जाणवत नाही. त्याचे काम एकदाच पडते आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

ट्रॅक्टर उलटतो कसा?

ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य उंच असतो. पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर डोलतो, त्यामुळे चाके चार असली तरी ट्रॅक्टर खऱ्या अर्थाने तीन बिंदूंवर तोललेला असतो. बांधाच्या कडेची माती खचली, पाटाच्या चरीत मागचे चाक गेले किंवा वळणावर वेग जास्त राहिला, की तो बाजूला कलंडतो.

दुसरा प्रकार अधिक घातक असतो, तो म्हणजे मागे उलटणे. उसाने भरलेली ट्रॉली ओल्या फडातून वर डांबरी रस्त्यावर काढताना पुढची चाके उचलली जातात, हा अनुभव शिरोळपासून चंदगडपर्यंत प्रत्येक चालकाला आहे. मागची चाके रुतून अडली की इंजिनाचा जोर चाके फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूड मागच्या आसाभोवती फिरवू लागतो. फसलेले वाहन ओढण्यासाठी साखळी खालच्या हुकाऐवजी उंच बांधली, तर हा धोका आणखी वाढतो. असा ट्रॅक्टर साधारण दीड सेकंदात उलथा होऊ शकतो. पाऊण सेकंद उलटला की क्लच दाबूनही तो आवरत नाही. उडी मारून वाचू, हा विश्वास म्हणूनच फसवा आहे.

रोल बार काय करतो?

तो ट्रॅक्टरला उलटू देत नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात ट्रॅक्टर उलटतोच. बार चालकाभोवती जगण्यापुरती जागा राखतो आणि बहुतेक वेळा ट्रॅक्टरला कुशीवर थांबवतो, पूर्ण पालथा होऊ देत नाही. आघात झाल्यावर बारने ठरावीक मर्यादेत वाकावे आणि वाकताना ऊर्जा शोषून घ्यावी, अशी त्याची रचना असते. त्यामुळे तो फार मऊ असून चालत नाही आणि फार ताठही असून चालत नाही.

त्यासाठी चाचण्या ठरलेल्या आहेत. ‘ओईसीडी’च्या संहिता चारनुसार २००० किलो वजनाच्या ट्रॅक्टरच्या बारने मागून २८०० ज्यूल आणि बाजूने ३५०० ज्यूल ऊर्जा झेलावी लागते. वरून सुमारे चार टन, म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनाच्या दुपटीइतका दाबही सोसावा लागतो. या साऱ्यात बारचा कोणताही भाग चालकाच्या राखीव जागेत घुसता कामा नये. भारतात आयएस ११८२१ हे याविषयीचे मानक आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टरच्या चाचण्या घेणारी केंद्र सरकारची संस्थाही आहे.

याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे सीट बेल्ट. बेल्ट नसेल तर चालक राखीव जागेबाहेर फेकला जातो आणि कधी कधी त्या बारखालीच सापडतो.

कापून पुन्हा जोडला तर काय बिघडते?

पहिली गोष्ट उंचीची. बारचे टोक आणि बॉनेटचे टोक यांना जोडणारी रेषा काढली, तर चालकाचे डोके त्या रेषेच्या खाली राहिले पाहिजे. फूटभर बार कापला की डोके रेषेच्या वर येते. मग जमिनीचा पहिला टेकू बारला नव्हे, डोक्याला लागतो.

दुसरी गोष्ट पोलादाची. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या आजूबाजूच्या धातूचे गुण बदलतात. जिथे बारने वाकायचे, तिथे तो तडकू शकतो. वेल्ड वरून कितीही सुबक दिसली तरी आत काय झाले ते डोळ्यांना दिसत नाही. ड्रिलने पाडलेल्या भोकापाशीही ताण एकवटतो. मूळ बोल्टच्या जागी बाजारातला हलक्या प्रतीचा बोल्ट घातला, तर साखळीतली सर्वात कच्ची कडी तोच ठरतो.

गावठी बिजागरीत पिनेला थोडी ढिलाई राहते आणि आघाताच्या क्षणी सारा भार त्या एका पिनेवर येतो. एकदा उलटलेल्या ट्रॅक्टरचा वाकलेला बार गरम करून सरळ करणे हीही तशीच चूक. वाकला म्हणजे त्याचे काम झाले. तो बदलायचाच.

कोल्हापूरच्या कारागिरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्री आणि मशीन शॉपनी वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवत नाव कमावले आहे. नमुना न तपासता माल पाठवता येत नाही, हे इथल्या प्रत्येक कारखानदाराला ठाऊक आहे. कापून जोडलेल्या रोल बारची कसोटी मात्र कोणीच घेत नाही. ती थेट अपघातातच होते.

घडीचा बार हा पर्याय आहे का?

हो, पण तो कंपनीने त्याच मॉडेलसाठी चाचणी घेऊन दिलेला असावा. याचा वरचा भाग दोन पिना काढून मागे दुमडता येतो. कमी उंचीच्या शेडसाठी आणि फळबागेतल्या फांद्यांसाठीच ही सोय आहे. बार उभा असेल तेव्हा बेल्ट लावायचा आणि दुमडलेला असेल तेव्हा बेल्ट सोडायचा, हा त्याचा नियम. दुमडलेल्या बारचे संरक्षण नसते आणि बेल्ट चालकाला उलटणाऱ्या यंत्राला बांधून ठेवतो, हे त्यामागचे कारण.

खरी अडचण सवयीची आहे. सकाळी शेडमधून निघताना दुमडलेला बार दिवसभर तसाच राहतो, कारण उतरून पिना लावायचा कंटाळा येतो. दाराबाहेर पडल्यावर पहिले काम बार उभा करण्याचे, ही शिस्त नसेल तर घडीचा बार आणि कापलेला बार यांत फारसा फरक उरत नाही.

मग शेडचे काय करायचे?

ट्रॅक्टरपेक्षा शेड बदलणे सोपे आहे. आधी चाकांत पुरेशी हवा असताना जमिनीपासून बारच्या टोकापर्यंत माप घ्यावे आणि त्यावर वीतभर मोकळी जागा धरावी. पत्र्याच्या शेडला दाराची पट्टी वर घेणे किंवा पुढच्या एका खणाचा पत्रा उचलून बसवणे हे काम गावातला फॅब्रिकेटर करू शकतो. त्याच्या कौशल्याची जागा इथे आहे. शटरच्या गाळ्यात अनेकदा गुंडाळलेले शटरच उंची खाते. तिथे बाजूला सरकणारे दार बसवता येते.

जमीन खोदून उतार करण्याचा मार्गही आहे, पण इथल्या पावसात पाणी आत साचणार नाही याची सोय आधी करावी लागते. विटांच्या भिंतीवरचा लिंटेल मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय फोडू नये. काहीच जमले नाही तर ट्रॅक्टर ताडपत्रीखाली बाहेर राहिला तरी चालेल. नवा ट्रॅक्टर घेतानाच शेडचे माप खिशात असेल, तर प्रश्नच उद्भवत नाही.

एक गैरसमजही दूर व्हायला हवा. उन्हापावसासाठी बसवलेले छत किंवा हूड म्हणजे रोल बार नव्हे. पातळ पाइपांवर उभे असलेले छत ट्रॅक्टरच्या वजनाखाली चेपते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. शिवाय बदललेल्या वाहनाचा अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात वादाला जागा मिळते, ती वेगळीच.

केवळ शेतकऱ्याला दोष देऊन भागेल का?

भागणार नाही. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतांश ट्रॅक्टरना असा बार मुळातच नसतो. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना संरक्षक सांगाडा सक्तीचा केला आणि पुढे जुन्यांनाही कक्षेत आणले. तिथे उलटून होणारे मृत्यू १९५७ मध्ये दर लाख ट्रॅक्टरमागे १७ होते, ते १९९० पर्यंत ०.३ वर आले. अमेरिकेत १९८५ पासून उत्पादक नव्या ट्रॅक्टरवर बार बसवूनच देतात. जुन्या ट्रॅक्टरसाठी न्यू यॉर्क राज्याने २००६ मध्ये खर्चाचा मोठा वाटा परत देणारी योजना सुरू केली.

आपल्याकडे ट्रॅक्टर खरेदीला सरकार अनुदान देते. अपघातात शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. खरेदीच्या अनुदानाला चाचणी झालेल्या, शक्यतो घडीच्या रोल बारची आणि सीट बेल्टची अट जोडली, तर दुसऱ्या अनुदानाची वेळ अनेक घरांवर येणार नाही. साखर कारखान्यांनाही यात भूमिका आहे. हंगामाच्या तोंडावर ट्रॉलींना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा त्यांच्या आवारात होतात. वाहतुकीचे करार करताना बार आणि बेल्ट पाहणे त्याच मोहिमेत बसू शकते.

रोल बार सर्वांना वाचवत नाही, हेही लक्षात ठेवावे. मडगार्डवर बसलेल्याला किंवा ट्रॉलीतल्या मजुरांना त्याचा आधार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शिरोळ तालुक्यात अकिवाट येथे पुराच्या पाण्यात ट्रॅक्टर उलटून त्यावरची माणसे वाहून गेली. अशा संकटात कोणताही बार कामी येत नाही. तिथे ट्रॅक्टर पाण्यात न घालणे हाच उपाय. पण बेल्ट लावून आसनावर बसलेल्या चालकासाठी, फडातून रस्त्यावर चढतानाच्या त्या दीड सेकंदात, दुसरे काहीही वेळेत धावून येत नाही. दाराची पट्टी पुन्हा बसवता येते, त्यामुळे कापायचीच असेल तर तीच कापावी.