झिंक स्टिअरेट: विष नाही, म्हणून निर्धोक नाही

रबराच्या कच्च्या पट्ट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांवर जी मऊ पांढरी भुकटी भुरभुरतात, ती अनेकदा झिंक स्टिअरेटची असते. प्लास्टिक साच्यातून सहज सुटावे म्हणून ती वापरतात, चेहऱ्याच्या पावडरीतही घालतात. ती विषारी नाही, हे खरेच. पण तेवढ्यावर विसंबून शेडमध्ये तिची धूळ उडू दिली जाते, आणि धोका नेमका त्या धुळीत आहे.

हा जस्ताचा साबण. सोडियम स्टिअरेटच्या गरम द्रावणात झिंक सल्फेट घातले की सोडियमची जागा जस्त घेते आणि पांढरा साका खाली बसतो. अंघोळीच्या साबणासारखा तो पाण्यात विरघळत नाही, उलट पाणी झटकून टाकतो. साधारण १२० ते १३० अंश सेल्सिअसला वितळतो. बारीक, हलका आणि निसरडा असल्यामुळेच तो कारखान्याच्या कामाचा ठरतो.

हेच गुण फुप्फुसात घातक ठरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाळांच्या अंगाला लावायच्या पावडरीत झिंक स्टिअरेट असे. डबा बाळाच्या हाती लागून तोंडावर उपडा झाला की भुकटी श्वासात जाई. फुप्फुसांना सूज येऊन न्यूमोनिया होई; काही बाळे दगावली. डॉक्टरांनी हा प्रश्न लावून धरला तो १९२० च्या दशकात.

कामगारांसाठी अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेने आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा ठरवली आहे: हवेच्या घनमीटरमागे एकूण धूळ १५ मिलिग्रॅम, आणि फुप्फुसात खोलवर जाऊ शकणारी बारीक धूळ ५ मिलिग्रॅम.

दुसरे संकट आगीचे. ही भुकटी मुळात चरबीच्या आम्लापासून बनलेली, म्हणजे जळणारी. बंद जागेत तिचा ढग उठला आणि ठिणगी मिळाली, तर स्फोट होऊ शकतो. गोणी भराभर ओतताना निर्माण होणारी स्थिर वीजही त्या ठिणगीला पुरते.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ही दोन्ही संकटे वेगवेगळी नोंदवली होती: कलम १४ मध्ये श्वासात जाणारी धूळ, कलम ३७ मध्ये स्फोटक धूळ.

उपाय अवघड नाहीत. कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्रे आणि कपडे झटकणे आधी बंद करावे. धूळ उठते तिथेच ती ओढून घेणारा पंखा बसवावा आणि ज्वलनशील धुळीसाठी बनवलेला व्हॅक्यूम वापरावा. हॉपर आणि पाइप यांना अर्थिंग द्यावे. गोणी सावकाश ओतावी, ओतणाऱ्याला धुळीचा मास्क द्यावा. तोंडावर रुमाल बांधून भागत नाही. सांडलेली भुकटी लगेच उचलावी, कारण तिच्यावरून पाय घसरतो. आग लागलीच, तर पाण्याचा जोरदार झोत मारू नये. त्याने धूळ आणखी उडते.

छोट्या शेडच्या मालकांनी हा खर्च कच्च्या मालाच्या हिशेबातच धरावा, आणि माल पुरवणाऱ्याकडून सुरक्षा माहितीपत्रक मराठीत मागून घ्यावे.