कुडाचे घर आणि तारांकित इमारत

हॉटेलांप्रमाणे इमारतींनाही आता तारे मिळू लागले आहेत. इमारत किती वीज खाते, किती पाणी वाया घालविते, तिच्या बांधकामात कोणते साहित्य वापरले गेले, याची तपासणी करून तिला ‘हरित’ ठरविणाऱ्या दोन प्रमुख व्यवस्था देशात आहेत. उद्योगपतींच्या महासंघाने, म्हणजे सीआयआयने, २००१ मध्ये स्थापन केलेली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल ही एक. आणि दिल्लीच्या टेरी या संस्थेने केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या साहाय्याने उभी केलेली ‘ग्रिहा’ ही दुसरी. हे प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापुरते नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये लागू केलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतींना त्यांच्या श्रेणीनुसार तीन, पाच किंवा सात टक्के जादा चटईक्षेत्र देऊ केले आहे. पुण्यात वा नाशकात जादा चटईक्षेत्र म्हणजे काय, हे जमिनीचे भाव ठाऊक असणाऱ्यांस सांगावयास नको. ते रोख बक्षीस आहे. फक्त ते नोटांत दिले जात नाही, इतकेच.

नियमावलीतील ‘चटई’ हा शब्द ज्यांच्या घरांना शब्दशः लागू पडतो, ती माणसे या बक्षिसाच्या वाटेवर कोठेच नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवर भिल्ल व पावरा कुटुंबांची परंपरागत घरे आजही पाहावयास मिळतात. सागाच्या मेढी, त्यांवर वासे, बांबूच्या कामट्या विणून केलेला कूड, त्याला शेणामातीचा लेप आणि वर गावठी कौले. घराला लागणारे जवळपास सर्व सामान पायी जाऊन आणता येईल इतक्या अंतरावरचे. घर उभे करण्यासाठी पाड्याने जमावयाचे, घरधन्याने जेवण घालावयाचे आणि पुढे दुसऱ्याच्या घराला आपण जावयाचे, ही ‘लाह’ पद्धतीची रीत. मजुरीचा हिशेब येथे वहीत नसतो. उन्हाळ्यात तापीकाठी पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा या कुडाच्या भिंतींआड पत्र्याच्या खोलीहून कितीतरी सुसह्य वाटते, आणि त्यासाठी विजेचे एक युनिटही खर्ची पडत नाही.

अशा घराचे आयुष्य संपले तरी त्याचा मलबा होत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्राणी-अक्कलकुव्यातील ३३ गावांवर संकट आणले, तेव्हा अनेक कुटुंबांनी आपली घरे सोडवून, मेढी आणि वासे मोजून घेऊन, तळोदा-शहाद्याकडील वसाहतींत पुन्हा उभी केली. विस्थापनाच्या त्या अन्यायाची भरपाई यामुळे झाली असे नव्हे. परंतु जे घर खांद्यावर घेऊन नव्या जागी जाता येते, त्याच्या बांधणीत केवढे शहाणपण साठलेले आहे, हे त्या दिवसांत दिसले. तारांकित इमारतींच्या गुणपत्रिकेत ‘पुनर्वापरक्षम साहित्य’ या सदराखाली जे गुण मिळवावे लागतात, ते या घरांनी कोणाच्याही परवानगीवाचून मिळविलेले आहेत.

शासनाच्या दप्तरात मात्र या घराचे नाव एकच आहे: ‘कच्चे’. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत गवत, बांबू, माती, कच्ची वीट यांच्या भिंती कच्च्या सदरात पडल्या आणि त्याच यादीच्या आधारे २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुले वाटली जाऊ लागली. गरिबाला मदत मिळावी म्हणून त्याच्या घराला कच्चे म्हणावे लागते, हे एक वेळ समजू शकते. पण त्या मदतीने तो कसले घर बांधतो? सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये, केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४०, किमान २५ चौरस मीटर जागा. या पैशांत सिमेंट, वाळू, सळई आणि विटा घाटरस्त्याने वर न्यावयाच्या, आणि रस्ता संपतो तेथून डोक्यावर. नर्मदाकाठच्या काही पाड्यांना तर होडीवाचून पोचता येत नाही. साहित्याच्या वाहतुकीत अनुदानाचा मोठा तुकडा गिळला जातो आणि उरलेल्यात छपरावर पत्रे येतात. पत्र्याखालची ती खोली मग दाणे, लाकूडफाटा आणि शेळ्या ठेवण्यास उपयोगी पडते. घरची माणसे झोपावयास शेजारच्या जुन्या कुडात जातात.

एका टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून अधिक कार्बन वायू हवेत जातो. त्यातला मोठा भाग चुनखडी भाजतानाच सुटतो, म्हणून भट्टी कोणत्याही इंधनावर चालविली तरी तो टळत नाही. तेव्हा हिशेब असा होतो: ज्याने वातावरणात सर्वांत कमी घाण सोडली, त्याला सिमेंट विकत घेण्यास पैसे द्यावयाचे, आणि ज्याने सर्वांत अधिक सिमेंट ओतले, त्याने वर सौर पट्ट्या बसविल्या की त्याला जादा चटईक्षेत्र द्यावयाचे. ग्रिहाची मुख्य श्रेणी २५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या इमारतींसाठी आहे. म्हणजे शंभर घरकुले एकावर एक रचली तर एक अर्ज होईल! लहान इमारतींसाठी आणि स्वस्त घरांसाठी वेगळ्या श्रेणी आहेत हे खरे. परंतु शुल्क, सल्लागार आणि कागदपत्रे यांचा तो रस्ता धडगावच्या एखाद्या पाड्यावर पोचेल, अशी कल्पना तो आखणाऱ्यांनीही केली नसावी. २०२५ मध्ये राज्य शासनाने घरकुलाच्या अनुदानात ५० हजारांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरील सौर संचासाठी आहेत. भर स्वागतार्ह आहे. पण घर हिरवे करावयाचे म्हणजे छतावर काहीतरी विकत आणून ठेवावयाचे, ही समजूत येथेही सुटलेली नाही. भिंत कशाची, याबद्दल शासनाला काही विचारावेसे वाटत नाही.

गंमत अशी की योजनेचे नियम सिमेंटचा आग्रह धरीत नाहीत. योग्य देखभालीने किमान तीस वर्षे टिकेल, छप्पर टिकाऊ साहित्याचे असेल आणि भिंती स्थानिक हवामानाला तोंड देतील, एवढीच पक्क्या घराची व्याख्या त्यांत आहे. ठेकेदारास मज्जाव आहे. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच निरनिराळ्या प्रदेशांतील बांबू, माती, दगड यांच्या घरांचे नमुने ‘पहल’ नावाच्या संग्रहात प्रसिद्ध केले आहेत. म्हणजे दिल्लीच्या कपाटात हे शहाणपण पोचले आहे. ते पंचायत समितीच्या टेबलावर पोचलेले नाही. तेथे हप्ता सुटतो तो जोत्याच्या, भिंतीच्या, छताच्या छायाचित्रावर, आणि अभियंत्याच्या डोळ्यांना सवय आहे ती विटांची. बांबूची भिंत मंजूर करून उद्या चौकशी ओढवून घेण्यापेक्षा नेहमीचा नकाशा पुढे करणे त्याला सोयीचे. ठेकेदारही कागदावर नसतो, इतकेच.

येथे डाव्या-समाजवादी कार्यकर्त्यांनी एक गोष्ट स्वतःशी प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. पक्के घर ही मागणी शासनाने आदिवासींवर लादलेली नाही. ती त्यांचीच आहे आणि तिच्यामागे कारणे आहेत. कुडाला आग लागते, बांबूला भुंगा लागतो, कौले दर पावसाळ्यापूर्वी फेरावी लागतात आणि भिंती सारवण्याचे कष्ट बहुधा बाईच्या वाट्याला येतात. सागाची मेढ आणावी म्हटले तर जंगलात साग उरलेला नाही. तो आदिवासींनी संपविला नाही, ठेकेदारांच्या ट्रकांतून गेला, पण एखादी मेढ आणताना रखवालदाराच्या हाती सापडला तो आदिवासीच. शहाद्याच्या श्रमिक संघटनेने १९७२ पासून ज्या भूमिहीनांना संघटित केले, त्यांच्या नातवंडांनी स्लॅबचे घर मागितले तर त्यात प्रतिष्ठेची ओढ आहे, आणि ती प्रतिष्ठा त्यांना नाकारण्याचा अधिकार कोणाही पर्यावरणवाद्यास नाही. शहरातील माणसाने वातानुकूलित खोलीत बसून ‘मातीचे घर किती सुंदर’ म्हणावे आणि शासनाने त्याचा आधार घेऊन अनुदान कापावे, हा धोका काल्पनिक नाही.

म्हणून मागणी माती विरुद्ध सिमेंट अशी असू शकत नाही. अनुदान तेवढेच राहिले पाहिजे, किंबहुना वाढले पाहिजे. आणि साहित्य निवडण्याचा अधिकार घरधन्याचा, विशेषतः घरधनिणीचा असला पाहिजे. आज ती निवड नाही. ती खरी व्हावी यासाठी सुधारलेला कूड बांधून दाखवावा लागेल: दगडी जोते, बोरिक व बोरॅक्सच्या पाण्यात मुरविलेला बांबू, चुन्यामातीचा गिलावा, वर कौले. मेळघाटात धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील देशपांडे व निरुपमा देशपांडे यांनी बांबूच्या कामाला कारागिरांची प्रतिष्ठा मिळवून दिली. तेथून शिकता येण्याजोगे पुष्कळ आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन केंद्राच्या इमारतीला फेब्रुवारी २०२१ मध्ये लागलेली आगही विसरून चालणार नाही; चूल आणि कूड यांच्यात विटांची किंवा दगडाची भिंत असलीच पाहिजे, हे त्यातून घ्यावयाचे. आणि लाहीची रीत कितीही थोर असली तरी तिच्या नावाखाली श्रम फुकट मागता कामा नयेत. घरकुलासाठी रोजगार हमीतून गवंड्याच्या हाताखालच्या मजुराचे दिवस धरले जातात, तसे कूड विणणाऱ्यालाही दिवस आणि दाम मिळाले पाहिजेत.

यातले बरेचसे मुंबईची वाट न पाहता सुरू करता येते. वनाधिकार कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरविले आहे आणि सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा तो काढू, लावू आणि विकू शकतात. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट मिळू लागला. बांबू मुरविण्याची एक टाकी, भट्टीची कौले ठेवण्यास एक शेड आणि एक नमुन्याचे घर यांस त्यातून पैसे मागणारा ठराव कोणतीही ग्रामसभा करू शकते. धडगाव व अक्कलकुवा येथील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेपूर्वी घरकुलाच्या प्रतीक्षा यादीतील कुटुंबांना, नवराबायको दोघांना एकत्र बसवून, भिंत कशाची हवी हा प्रश्न विचारावा, उत्तरे लिहून घ्यावीत, आणि ठरावासोबत ती यादी गटविकास अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्यावी.