सावलीत म्हणे काही येत नाही!

जर्सीतल्या मैत्रिणींनो, 'मागे मेपलची सावली, तिथे काहीच येत नाही' हे रडगाणं पुरे आता. मेपलला पानं फुटायच्या आधी, एप्रिलमध्ये, खाली भरपूर ऊन असतं. स्प्रिंग ब्यूटी, व्हर्जिनिया ब्लूबेल्स त्याच उन्हात फुलतात आणि उन्हाळ्यात गुडूप होतात. जमिनीत राहणारी एक छोटी रानटी मधमाशी पिल्लांसाठी स्प्रिंग ब्यूटीचेच परागकण नेते. फूल नाही तर तीही नाही, साधा हिशेब आहे. आपण मात्र पैसे मोजून पाला उचलून घेतो, औषध फवारतो, आणि मुलांना 'मधमाश्या वाचवा'ची पोस्टर्स रंगवायला बसवतो. मुलं बघतात हो सगळं! यंदा पाला झाडाखालीच राहू द्या. आणि रोपं नर्सरीतूनच आणा, जंगलातून उपटून नको.