नळदुर्गाची झुंज पडद्यावर कधी?

चित्ररसिकांना २०२४ साली मराठवाड्याचे दर्शन घडले ते 'मानवत मर्डर्स' या वेबमालिकेतून. परभणी जिल्ह्यातील १९७०च्या दशकातल्या हत्यासत्राचा तपास करणारे रमाकांत कुलकर्णी आशुतोष गोवारीकर यांनी संयमाने उभे केले आहेत. मालिका दर्जेदार आहे, यात शंका नाही. पण मराठवाड्याची ओळख गुप्तधन, अंधश्रद्धा आणि खून एवढ्यापुरतीच का उरावी?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली. पहिली झुंज झाली ती आजच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग येथे. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तत्पूर्वी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली गावोगावच्या सामान्य माणसांनी रझाकारांच्या अत्याचारांना तोंड दिले होते.

या विषयावर २०१५ मध्ये मराठीत आणि २०२४ मध्ये तेलुगूत 'रझाकार' याच नावाने चित्रपट आले. परंतु एवढा मोठा पट दोन-अडीच तासांत मावणारा नव्हे. त्यासाठी मालिकाच हवी. तीही आरडाओरड्याची नको, कागदपत्रे व साक्षी पारखून केलेली हवी. तो काळ पाहिलेले आता मोजकेच उरले आहेत. त्यांच्या आठवणी टिपण्याचे काम निर्मात्यांची वाट न पाहता घराघरांतून सुरू व्हावयास हवे.